जुनी आरएक्स १०० उभी करायची की पार्ट काढून विकायची: गाडी खोलायच्या आधी हे बघा

गोठ्यात, जिन्याखाली नाहीतर वाड्याच्या मागच्या पडवीत यामाहाची एखादी आरएक्स १०० धूळ खात पडलेली असते, घरातला कोणीतरी पोरगा मोठा होतो आणि एक दिवस पाना घेऊन बसतो. माझंपण असंच झालं. काकांची गाडी होती, अकरा वर्षं बंद. मी काहीही न ठरवता रविवारी सकाळी ती खोलायला घेतली, संध्याकाळपर्यंत दोन गोणी भरून पार्ट आणि मध्ये उघडी चेसिस, आणि मग पैसे नाहीत, वेळ नाही, कुठला नट कुठला ते आठवत नाही. चार वर्षं त्या गोण्या तशाच राहिल्या. नंतर गाडी उभी राहिली, पण जो खर्च झाला त्यातला निम्मा तरी माझ्या त्या एका रविवारचा होता. म्हणून नवीन पोरांना मी पहिलं हेच सांगतो, निर्णय गाडी अखंड असताना घ्या. अखंड बंद गाडीला गिऱ्हाईक असतं, खोललेल्या गाडीला फक्त भंगारवाला असतो.

हा लेख आरएक्स १०० बद्दल आहे कारण मला तीच येते. ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५ ला इथं आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. ९८ सीसी, टू स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती अशी पळते. बनणं बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी मागणी कमी झालेली नाही, आणि त्यामुळेच हा प्रश्न अवघड होतो, कारण तिचे सुटे पार्टसुद्धा चांगल्या भावाने जातात. दुसरी एखादी साधी शंभर सीसी गाडी असती तर डोकं लावायची गरजच नव्हती.

पहिलं काम: किक मारू नका

बंद गाडी दिसली की प्रत्येकाचा पाय किककडे जातो. थांबा. अनेक वर्षं बंद असलेल्या टू स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंग ब्लॉकला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरला) चिकटलेल्या असतात, क्रँकच्या बेअरिंगला गंज असतो, आणि जोर लावून किक मारली की रिंग तुटते, तिचा तुकडा पोर्टमध्ये (ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकात) अडकतो आणि जो ब्लॉक वाचला असता तो गेला. प्लग काढा, भोकातून थोडं टू टी (टू स्ट्रोकचं) ऑइल आणि डिझेल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढं-मागं हलवा. सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर अजून ऑइल आणि अजून दोन दिवस. हातोडा अजिबात नको.

तोपर्यंत तुम्हाला दुसरं काम आहे, आणि खरं सांगायचं तर निर्णय निम्मा तिथंच होतो.

कागद आणि नंबर

आरसी बुक हातात घ्या, एक चिंधी आणि थोडं रॉकेल घ्या, आणि चेसिस नंबर पुसून वाचा. तो हँडलच्या खाली, जिथं टी (फोर्क धरणारा तुकडा) बसते त्या मानेच्या पाइपवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या पेटीवर). दोन्ही नंबर आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळले पाहिजेत. आरएक्स १०० च्या नंबरची सुरुवात १एल१ ने होते, त्यामुळे कोणी आरएक्स १०० म्हणून दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन बसवून देत असेल तर इथंच कळतं. आपल्याकडं कितीतरी गाड्यांमध्ये आरएक्स १३५ चं मोठं इंजिन टाकलेलं असतं, पळायला भारी, पण आरसीवर ते चढवलेलं नसेल तर आरटीओत गाडी पास होणार नाही आणि पोलिसांनी अडवली तर उत्तर नाही. नंबरवर ग्राइंडर फिरवल्याची खूण असेल, आकडे वाकडेतिकडे किंवा कमी-जास्त खोलीचे असतील, तर ती गाडी घेऊच नका, उभी करायला नको आणि पार्टसाठी पण नको. चोरीचा माल सुटा केला तरी चोरीचाच राहतो.

आता कागदाचे प्रकार. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचं, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला असेल तर दर महिन्याचा दंड चढत जातो, म्हणून ही रक्कम आधी आरटीओत विचारून घ्या आणि खर्चाच्या कागदावर सगळ्यात वर लिहा, लोक ती विसरतात आणि शेवटी अडकतात. आरसी हरवली असेल तर पोलिसात तक्रार देऊन फॉर्म २६ वर डुप्लिकेट मिळते. गाडी वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१, वारसाचे कागद आणि बाकी वारसांची संमती. हे काम किचकट वाटतं पण होतं, आणि घरातली सगळी माणसं बोलती आहेत तोवरच करून घ्या. साधी विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

खरी अडचण दोन ठिकाणी होते. एक म्हणजे आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा. गाडी नव्वद साली कर्जावर घेतली, कर्ज केव्हाच फिटलं, पण फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलाच नाही आणि ती फायनान्स कंपनी आता शोधून सापडत नाही. दुसरी म्हणजे जुनं कागदी आरसी बुक जे ऑनलाइन चढलेलंच नाही. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. आधी ज्या आरटीओची गाडी आहे तिथं जुन्या रजिस्टरमधून नोंद ऑनलाइन करून घ्यावी लागते, तोवर पुढचं कुठलंच काम हलत नाही. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटपण १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना बंधनकारक आहे आणि तीसुद्धा ऑनलाइन नोंद असल्याशिवाय मिळत नाही. 

कोणी म्हणेल की विंटेज म्हणून नोंदवू. विंटेजला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि सगळ्यात जुनी आरएक्स १०० सुद्धा २०३५ च्या आधी तिथं पोचत नाही.

माझं मत एकदम सरळ आहे. कागद होत असतील तर पुढं वाचा. कागद अजिबातच होणार नसतील तर ती गाडी रस्त्यासाठी उभी करू नका, कितीही चांगली दिसत असू दे. लाखभर रुपये घालून जी गाडी दारातून बाहेर काढायला भीती वाटते तिचा उपयोग काय.

चेसिस

गाडी मेन स्टँडवर घ्या, दिवसाच्या उजेडात, आणि आधी मानेच्या मागचा भाग बघा, जिथं टाकीखालचे पाइप मानेला जोडलेत. तिथं रंगाला बारीक सुरकुत्या, तडा किंवा नंतर मारलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडी समोरून आपटलेली आहे. मग सीट काढून बॅटरीच्या जागेखाली बघा, ॲसिड सांडून सांडून तिथला पत्रा आणि पाइप खाल्लेला असतो. स्टँडचे कान, स्विंगआर्मचा बोल्ट जिथून जातो ती जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाइप ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर पाइप चांगला, बद्द आवाज आला किंवा खपली पडली तर आतून गंजलाय.

सरळ आहे का ते बघायला सुतळी लागते. मागच्या टायरला गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढं ताणायची, चाकाच्या साधारण मध्यापर्यंत उंचीवर, आणि पुढचं चाक सरळ धरून दोन्ही बाजूंचं अंतर बघायचं. पुढचा टायर २.५० आणि मागचा २.७५ असल्यामुळे थोडी फट राहणारच, पण ती दोन्हीकडं सारखी हवी. एका बाजूला चिकटतंय आणि दुसरीकडं बोट जातंय असं असेल तर फोर्क, टी किंवा चेसिस यातलं काहीतरी वाकलंय. फोर्कचे पाइप वाकलेले असतील तर घाबरू नका, ते लेथवर सरळ होतात किंवा बदलतात. मान वाकलेली असेल तर मी त्या गाडीवर बसणार नाही, आणि तुम्हीपण बसू नका. चेसिस खेचून सरळ करून देणारे आहेत, पण ताशी शंभरच्या वेगात आरएक्सचं हँडल थरथरायला लागलं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

इंजिन, न उतरवता

टू स्ट्रोकची एक चांगली गोष्ट म्हणजे आत डोकवायला इंजिन उतरवावं लागत नाही. सायलेन्सर सोडवा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा, पिस्टनची समोरची बाजू दिसते. उभे ओरखडे खोल असतील तर गाडी कधीतरी सीज झालेली आहे, म्हणजे पिस्टन गरम होऊन ब्लॉकमध्ये अडकलेला. मग हेड काढा, ते चार नटांवर असतं. पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो. काही नसेल तर ५० मिलिमीटरचा स्टँडर्ड, नाहीतर २५, ५०, ७५ किंवा १००, म्हणजे पाव-पाव मिलिमीटरने रिबोर होत (ब्लॉक आतून मोठा कापत) आलेलं. ५० दिसला तर अजून दोन रिबोर बाकी, १०० दिसला तर ब्लॉकचं आयुष्य संपत आलं, नवीन स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) किंवा दुसरा ब्लॉक धरून चाला. हा एक आकडा बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि खर्चाचा अंदाज हजारोंनी बदलतो, तरी निम्मे लोक बघत नाहीत.

कनेक्टिंग रॉड तपासायचा तर पिस्टन वर-खाली करत असताना थेट वर-खाली ‘टक’ असा आवाज येतो का ते बघा. आडवा थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, उभा प्ले अजिबात नको. उभा प्ले असेल तर रॉड किट आलं, म्हणजे इंजिन पूर्ण उतरवून केस उघडणं, क्रँक प्रेसवर उघडणं, परत जोडून डायल गेजवर सरळ करणं. डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर उघडा, आत तेलाने ओलं असेल तर त्या बाजूचं क्रँक सील गेलंय. गाडी चालू स्थितीत असेल आणि धूर पांढरा दाट येत असेल, गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लच बाजूचं सील ते तेल आत ओढतंय. सील स्वस्त असतात, पण सीलमधून हवा घेत राहिलेलं इंजिन पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर गरम चालतं आणि पिस्टन खातं, म्हणून गेलेलं सील बघितलं की पिस्टनबद्दल जास्त संशय धरायचा.

आणि क्रँककेस. चेन डावीकडं आहे, ती तुटली की पुढच्या स्प्रॉकेटजवळ केसवर आपटते. तिथं ॲल्युमिनियम वेल्डिंग किंवा एमसील लावलेला आहे का बघा. केस फुटलेली असेल तर लक्षात ठेवा की इंजिन नंबर त्याच केसवर आहे, दुसरी केस टाकली की नंबर बदलला आणि परत कागदाचं लचांड.

काय नाहीये ते लिहा

खराब पार्टपेक्षा गायब पार्ट महाग पडतो हे नवीन माणसाला पटत नाही. गंजलेला ओरिजिनल सायलेन्सर क्रोम करून घेता येतो, पण सायलेन्सरच नसेल तर बाजारात जो मिळतो तो पातळ पत्र्याचा, आवाज वेगळा आणि पळणंपण वेगळं, कारण टू स्ट्रोकची ताकद निम्मी सायलेन्सरच्या आतल्या आकारावर असते. तसंच मीटर, साइड पॅनल, ओरिजिनल टाकी, मिकुनीचा कार्बोरेटर, ऑइल पंप. ऑइल पंप बऱ्याच गाड्यांमधून काढून टाकलेला असतो आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवत असतो, ते चालतं, लिटरला २५ मिली धरा, पण पंप नाही हे लिहून ठेवा.

टाकीत गंज असेल तर व्हिनेगर भरून, मूठभर नट टाकून हलवली की बराच निघतो, पण रिकाम्या टाकीत बल्ब सोडून अंधारात बघा, बाहेर उजेडाचे ठिपके दिसले तर टाकी गेली. टायर कितीही नवे दिसले तरी बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. दहा वर्षांपूर्वीचा टायर म्हणजे टायर नाहीच, खर्चात नवी जोडी धरा. सगळे रबर पाइप पण धरा, आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल असतं आणि जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं. कार्बोरेटरचा जेटपण थोडा वाढवावा लागतो कारण इथेनॉलवर मिश्रण पातळ होतं.

हिशोब

वहीच्या एका पानावर चार आकडे लिहा. गाडी आहे तशी आज विकली तर किती. पूर्ण उभी करायला किती. उभी झालेली तशीच गाडी तुमच्या भागात आज कितीला जाते. आणि पार्ट काढले तर किती. भाव गावागावाला वेगळा आहे म्हणून मी भाव देत नाही, पण पद्धत समजायला एक उदाहरण धरू. समजा आहे तशी २५ हजाराला जाते. मेकॅनिक खर्च ५५ हजार सांगतोय, त्यात तिसरा हिस्सा अजून मिळवा, मिळवाच, म्हणजे साधारण ७३. गाडीची आजची किंमत धरून ९८ झाले. तयार गाडी ९० ला जात असेल तर आठ हजार तोटा.

हा आठ हजाराचा तोटा कोणाला चालेल? ज्याच्या वडिलांची गाडी आहे आणि जो ती ठेवणार आहे त्याला खुशाल चालेल, मलापण चालला. पण ज्याने नफ्यासाठी घेतली त्याने तिथंच थांबावं. भावना आहे ती आहे, ती लपवायची गरज नाही, फक्त तिचा आकडा आधीच लिहा, की या गाडीसाठी मी एवढे पैसे परत न येण्यासाठी घालायला तयार आहे. तो आकडा ओलांडला की काम थांबवायचं.

आता पार्टच्या आकड्याबद्दल. लोक सगळ्या पार्टच्या जाहिरातीतल्या किमतीची बेरीज करतात आणि म्हणतात सव्वा लाख होतात. होत नाहीत. टाकी, मीटर, सायलेन्सर, कार्बोरेटर, चांगला ब्लॉक, हब लगेच जातात. बाकीचे अर्धे पार्ट वर्षभर घरात पडून राहतात, आणि कुरियर, भाव करणं, ‘फोटोत वेगळं दिसत होतं’ हे सगळं वेगळं. बेरजेच्या निम्मे धरा.

मग ठरवायचं कसं

कागद होतात, मान सरळ, केस अखंड: उभी करा, इंजिन कितीही खराब असू दे, कारण इंजिनचं सगळं मिळतं आणि करणारे हात आपल्याकडं आहेत. कागद नाहीत किंवा मान गेलेली: पार्ट. कागद चांगले पण निम्मी गाडी गायब: न खोलता आहे तशी विका, ज्याच्याकडं सुटे पार्ट आहेत पण कागदाची चेसिस नाही अशा प्रामाणिक माणसाला तुमची चेसिस आणि आरसी मिळून लागते आणि तोच तुम्हाला सगळ्यात चांगला भाव देतो. नावावर करूनच द्यायची, फॉर्म २९ वर सही करून मोकळं व्हायचं नाही.

उभी करणार असाल तर

आधी इंजिन आणि कागद, रंग सगळ्यात शेवटी. रंग आधी केला की गाडी सुंदर दिसते, उत्साह संपतो आणि इंजिन अर्धवट राहतं. प्रत्येक जोड खोलायच्या आधी फोटो, नट-बोल्ट छोट्या पिशव्यांमध्ये, पिशवीवर नाव. वायरिंगचे फोटो दोन्ही बाजूंनी.

ब्लॉक लेथवाल्याकडं देताना नवीन पिस्टन सोबत द्या, त्याच्या हातात पिस्टन असल्याशिवाय बोर करूच देऊ नका, कारण बोर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. आणि रिबोर झाल्यावर पोर्टच्या कडा मारल्यात का ते बोट फिरवून बघा. कडा धारदार राहिली तर रिंग अडकून पहिल्याच आठवड्यात तुटते. कोल्हापूरला उद्यमनगरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक आहेत, पुण्यात नाना पेठेत पार्ट आणि माणसं दोन्ही सापडतात. कोणाकडंही द्या, पण आधी त्याने केलेलं एक इंजिन चालू ऐका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी चक्कर मारली तर ओरिजिनल पार्ट हाताला लागू शकतो, मात्र नंबर असलेली कुठलीच वस्तू, केस किंवा चेसिस, तिथून बिनकागदाची उचलू नका.

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर नको, एकाच वेगात लांब नको, ऑइल थोडं जास्त, लिटरला ३० मिली. मी काकांची गाडी या दिवसांत फक्त पहाटे चालवली, दहा किलोमीटर जायचं, थांबून इंजिन पूर्ण गार करायचं, मग परत.

पार्ट काढणार असाल तर

माझ्याकडं दुसरी एक गाडी आली होती, एका खेड्यातून, मान वाकलेली. ती मी खोलली आणि वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिचा ब्लॉक, हब आणि मीटर आज तीन चालत्या गाड्यांमध्ये आहेत.

खोलायच्या आधी पूर्ण गाडीचा आणि दोन्ही नंबरांचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक पार्टचा दोष आधी सांगा, ब्लॉक कितव्या रिबोरवर आहे ते पिस्टनच्या फोटोसकट. क्रँक आणि गिअरबॉक्स शक्यतो एकाच माणसाला द्या. आणि चेसिस आणि आरसी बुक कोणाला ‘फक्त कागदासाठी’ विकू नका, कितीही पैसे देत असला तरी. असं मागणाऱ्याला बहुतेक वेळा चोरीच्या गाडीवर तुमचा नंबर चढवायचा असतो, आणि उद्या ती गाडी कुठं सापडली तर पोलीस आरसीवरच्या नावाच्या घरी येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. नोंदणी रद्द करायचा अर्ज द्या, तिथं सांगतील त्याप्रमाणे चेसिस नंबरचा तुकडा कापून जमा करा, उरलेली चेसिस कापूनच भंगारात घाला, आणि रद्द झाल्याचा कागद गाडीच्या फोटोंबरोबर घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवून द्या.